शनिवारवाड्याचा दगड : एका आख्यायिकेची छाननी

पुण्याच्या शनिवारवाड्याविषयी जी माहिती सामान्यतः सांगितली व छापली जाते, तीत एक आख्यायिका हटकून आढळते. पहिल्या बाजीरावाने हा वाडा संपूर्ण दगडी बांधावयाचे योजिले होते. जोते व तळमजला दगडात उभा राहतो न राहतो तोच साताऱ्याच्या मंडळींनी शाहू महाराजांकडे तक्रार केली, की दगडी वास्तू उभारण्याचा अधिकार छत्रपतींचा, सेवकाचा नव्हे. महाराजांची आज्ञा आली आणि पेशव्यास वरचे मजले विटांत आटोपावे लागले. पुढे इंग्रजांच्या तोफांपुढे विटांचे सहा मजले ढासळले, दगडी तळ तेवढा राहिला; आणि आज आपण पाहतो तो हाच, अशी या कथेची समाप्ती होते. कथा मोठी सुबक आहे. स्वामी आणि सेवक, गर्व आणि त्याचे फळ, दगड आणि वीट अशी सर्व जुळणी तीत आहे, व डोळ्यांसमोरच्या अवशेषाचे कारणही तीत मिळते. परंतु वास्तूची साक्ष काढू लागले म्हणजे ती कोठेही टिकत नाही. ती का टिकत नाही हे पाहणे अशासाठी आवश्यक आहे, की या कथेने केवळ एका वाड्याचा नव्हे, तर मराठी वाड्याच्या एकूण रचनेचाच एक चुकीचा आदर्श आपल्या मनात रुजविला आहे.

प्रथम कथेचा शेवटचा भाग घेऊ, कारण तो निकालात काढणे सर्वांत सोपे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच महिन्याच्या मध्यावर येरवड्याच्या बाजूस दुसरा सामना झाला आणि दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. शहर लढल्यावाचून हाती आले असता वाड्यावर तोफा डागण्याचे प्रयोजनच उरले नव्हते. वाडा नष्ट झाला तो त्यानंतर दहा वर्षांनी, फेब्रुवारी १८२८ मध्ये, आगीने. ही आग कित्येक दिवस धुमसत होती असे सांगतात. त्यापूर्वीही या वाड्यास लहानमोठ्या आगी लागल्या होत्या. ज्या घराला आगीचे भय असे वारंवार ग्रासते, ते घर मुख्यतः कशाचे बांधलेले असले पाहिजे, याचे अनुमान करावयास फार विद्वत्ता नको. वीट जळत नाही. जळते ते लाकूड. शनिवारवाडा जळून गेला, ही एकच निर्विवाद घटना नीट विचारात घेतली असती, तर दगड की वीट हा वादच गौण ठरला असता.

आता कथेच्या मुळाकडे वळू. वाड्याच्या पायाभरणीचा दिवस १० जानेवारी १७३० व वास्तुशांतीचा २२ जानेवारी १७३२ असा दिला जातो, आणि दोन्ही दिवशी शनिवार होता असे सांगितले जाते. (हे दिनांक इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या कालगणनेचे आहेत, हे ध्यानात न घेता कोणी आजच्या पद्धतीने वार काढू लागेल तर दोन्ही दिवशी मंगळवार येईल. नव्या पद्धतीने ते अनुक्रमे २१ जानेवारी १७३० व २ फेब्रुवारी १७३२ होतात आणि शनिवार बरोबर जुळतो. इतक्या साध्या गोष्टीचा खुलासाही आपल्या पुस्तकांत क्वचितच असतो.) म्हणजे सारे काम दोन वर्षांत आटोपले. खर्चाचा आकडा १६,११० रुपये असा प्रसिद्ध आहे. त्या काळच्या रुपयाची किंमत कितीही मोठी धरली, तरी या रकमेत व या मुदतीत सात मजल्यांचे पाषाणगृह योजिले होते असे मानणे कठीण आहे. शिवाय बाजीरावाच्या डोक्यावरील कर्जाचा बोजा सर्वश्रुत आहे. सावकारांच्या तगाद्याने त्रस्त झालेला हा पुरुष राजवाड्याशी स्पर्धा करणारी दगडी वास्तू मनात आणील, ही कल्पना त्याच्या चरित्राशीही विसंगत वाटते.

वस्तुतः १७३२ मध्ये ज्याची वास्तुशांत झाली ते घर पुढील वाड्याच्या मानाने पुष्कळच लहान होते. ज्यास आपण शनिवारवाडा म्हणतो तो तीन पिढ्यांत वाढला. नानासाहेबाच्या कारकीर्दीत, १७५५ मध्ये, गणेश रंगमहाल झाला. हजारी कारंजे सवाई माधवरावाच्या बालपणाशी निगडित आहे. अस्मानी महालासारखी बांधकामे दुसऱ्या बाजीरावाच्या हौसेची. चौकाला चौक, महालाला महाल, मजल्यावर मजला असा हा विस्तार होत गेला. आख्यायिका मात्र असे गृहीत धरते, की एका नकाशावर, एका संकल्पाने, तळापासून मेघडंबरीपर्यंत सात मजल्यांचा वाडा बाजीरावाने एकदाच मनात आणिला, आणि पहिल्या मजल्यावर त्याचा हात कोणी धरला. वाड्याच्या वाढीचा इतिहास ठाऊक नसलेल्या माणसाने, उरलेल्या अवशेषाकडे पाहून, मागाहून रचलेली ही उपपत्ती आहे.

तथापि ती अगदीच निराधार आहे असेही मला म्हणावयाचे नाही. शाहू महाराजांच्या हरकतीची जी दुसरी परंपरा आहे, तिचा संबंध घराशी नसून कोटाशी आहे. वाड्याभोवती तट घालण्यास व त्यास उत्तरेकडे, म्हणजे दिल्लीच्या दिशेस, मोठा दरवाजा ठेवण्यास महाराजांची नापसंती होती. म्हणून ते काम अडून राहिले, व डिसेंबर १७४९ मध्ये महाराज निवर्तल्यानंतर नानासाहेबाने ते पुरे केले, असे इतिहासकार सांगत आले आहेत. ही हकीकत त्या काळच्या राजकीय व्यवहारात चपखल बसते. घर बांधणे ही खाजगी बाब होती, पण तट आणि बुरूज ही सत्तेची खूण. सेवकाने आपल्या घराभोवती नऊ बुरुजांचा व पाच दरवाजांचा कोट घालावा, यास धन्याने आक्षेप घेणे स्वाभाविक होय. माझे मत असे, की कोटाच्या भिंतीविषयीची ही आठवण लोकांच्या तोंडी कालांतराने घराच्या भिंतीवर सरकली. आज कोट उभा आहे आणि घर नाही. त्यामुळे पाहणाऱ्यास कोट हेच घर वाटते. कोटाच्या तटातही खालचे थर दगडाचे व वरचा भाग विटांचा आहे, हे कोणासही बाहेरून दिसते. या दृश्याने स्थलांतरित आठवणीस पुरावा मिळाल्यासारखे झाले.

परंतु खाली दगड व वर वीट, ही रचना शनिवारवाड्यापुरती असती तरच तिला विशेष कारण शोधण्याची गरज होती. देशावरील कितीतरी गढ्यांचे तट असेच आहेत. काही ठिकाणी विटांऐवजी वर पांढरी माती आहे. घरांच्या बाबतीत तर हा नियमच होता. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर नाना फडणिसांचा वाडा आहे. तो १७८० च्या सुमाराचा. त्या वेळी नानांस अडविणारा सातारच्या दरबारात कोण होते? तरीही जोते घडीव दगडाचे आणि त्यावर सागवान व विटा, हाच प्रकार तेथे आहे. विश्रामबागवाडा त्याहून पंचवीस-तीस वर्षांनी, १८०७ च्या सुमारास, दुसऱ्या बाजीरावाने सुमारे दोन लक्ष रुपये खर्चून उभारला. पैशाची वाण नव्हती, छत्रपतींच्या आज्ञेचे भय नव्हते. तरी त्याचे रस्त्याकडील दर्शनी अंग पाहा : कोरीव सुरूदार खांब, त्यांवरील महिरपी, लाकडी सज्जा. दगड जोत्यापाशी थांबलेला. फार काय, प्रतापसिंह महाराजांनी १८२४ च्या सुमारास बांधविलेला साताऱ्याचा जुना राजवाडाही याच परंपरेतील आहे. म्हणजे ज्याच्या अधिकाराचे रक्षण करण्यासाठी पेशव्यास विटा वापराव्या लागल्या असे म्हणतात, तो राजवंश स्वतःसुद्धा लाकूड-विटांच्याच घरात राहात होता.

याहूनही निर्णायक साक्ष रायगडाची आहे. १६७४ मध्ये ज्या स्थळी राज्याभिषेक झाला, तेथील राजवाडे आज केवळ जोत्यांच्या रूपाने उरले आहेत. चौथरे, पायऱ्या, खांबांच्या बैठकी शाबूत. वरचे काहीच नाही. मे १८१८ मधील वेढ्यात इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने गडावर आग लागली व इमारती जळाल्या. तेथे अडविणारा कोणी नव्हता. बांधणारा स्वतःच छत्रपती होता. दगडी घर हा जर राजपदाचा विशेष हक्क असता, तर तो रायगडावर बजावलेला दिसावयास हवा होता. तो दिसत नाही. कारण असा हक्क कोणाच्या मनातच नव्हता. जाता जाता हेही सुचवावेसे वाटते, की शनिवारवाड्याच्या कथेत ज्या तोफा अकारण येतात, त्या कदाचित रायगडाच्या आठवणीतून आल्या असाव्यात. दोन्ही ठिकाणी उघडी जोती, दोन्ही ठिकाणी आग, आणि दोहोंमध्ये अंतर अवघे दहा वर्षांचे. हा केवळ तर्क आहे, हे मी मान्य करतो.

मग दगड जोत्यापाशी का थांबतो? याचे उत्तर राजकारणात न शोधता खाणीत आणि जंगलात शोधले पाहिजे. देशावरचा काळा दगड अतिशय कठीण व जड आहे. त्याच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २.९ टन भरते. विटांच्या बांधकामाचे वजन याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येते. हा दगड टाकीने घडविणे म्हणजे मजुरी आणि वेळ. त्यामुळे जेथे तो अपरिहार्य तेथेच तो वापरावा, अशी विवेकबुद्धी गवंड्यांच्या अंगी मुरली होती. अपरिहार्य कोठे? जमिनीलगत. पावसाचे उडणारे पाणी, जमिनीतून चढणारी ओल, वाळवी आणि वरच्या सर्व डोलाऱ्याचा भार या चौघांशी सामना जोत्यास द्यावा लागतो, व तो दगडच देऊ शकतो. जोत्याच्या वर मात्र भार वाहण्याचे काम भिंतीचे नसतेच. ते खांब, तुळया आणि हस्त यांचे असते. दगडी उथाळ्यावर सागवानी खांब उभा राहतो, खांबाच्या माथ्यावर हस्तांच्या आधाराने तुळई बसते, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर मातीची वा चुन्याची जमीन. खांबाखांबांमधील पोकळी भरून काढण्यासाठी पातळ भाजक्या विटा चुन्यात रचतात. अशा सांगाड्यात वीट हा दगडाचा बदली गडी नव्हे. ती भरणीची वस्तू आहे. तिच्या जागी काळा दगड घातला असता, तर सांगाड्यास निष्कारण ओझे झाले असते.

आपल्या भाषेनेही याची नोंद ठेविली आहे. घर किती मोठे, हे सांगताना जुना माणूस ‘पाच खणी’, ‘सात खणी’ असे म्हणतो. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर. घराचे माप लाकडाच्या सांगाड्यावरून घेतले जाते, भिंतीवरून नव्हे. जो समाज आपले घर खणांनी मोजतो त्याच्या दृष्टीने घर कशाचे असते, हे निराळे सांगावयास नको.

येथे ‘चिरेबंदी’ या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण घोटाळ्याचे एक मूळ त्यात आहे. चिरेबंदी वाडा असे म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे तळापासून माथ्यापर्यंत दगडी असलेली, अभेद्य अशी वास्तू येते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकानंतर तर या शब्दास एका सबंध सामाजिक संस्थेच्या ताठरपणाचा अर्थ चिकटला आहे. साहित्यात हे योग्यच आहे. प्रतीकास गवंड्याच्या हिशेबाने वागण्याचे बंधन नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने शब्दाचा भूगोल पाहिला पाहिजे. कोकणात व गोमंतकात चिरा म्हणजे जांभा. जांभा खाणीतून ताजा काढला असता हत्याराने सहज तासता येतो व हवा लागून टणक होतो. त्यामुळे तेथे चिऱ्यांच्या भिंती खरोखरच छपरापर्यंत चढतात, आणि तेथील साधे घरही शब्दशः चिरेबंदी असू शकते. देशावर तोच शब्द काळ्या दगडास लाविला गेला, तेव्हा तो घराच्या जोत्यास, देवडीस, फार तर तळमजल्याच्या दर्शनी भागास उद्देशून होता. शब्द एक राहिला व अर्थाची उंची बदलली. ही गोष्ट न जाणता आपण देशावरच्या वाड्याविषयी बोलतो, आणि मग वरच्या मजल्यांवर दगड का नाही याचे कारण शोधीत बसतो.

पेशव्यांस संपूर्ण दगडी काम येत नव्हते वा परवडत नव्हते, असा मात्र याचा अर्थ करू नये. नानासाहेबाने १७५५ मध्ये सुरू केलेले व १७८६ मध्ये पूर्ण झालेले त्र्यंबकेश्वराचे मंदिर पायापासून शिखरापर्यंत काळ्या पाषाणाचे आहे. त्यास तीस वर्षे लागली. देवालयास तीस वर्षे देता येतात, घरास देता येत नाहीत. घर वाढते, वाटले जाते, त्यात सून येते, नातवंडे होतात, चौकास चौक जोडावा लागतो. खांब-तुळईचे घर खणाने खण वाढविता येते. शनिवारवाडा शंभर वर्षांत जसा वाढला तसा दगडी शनिवारवाडा वाढूच शकला नसता. देवालय अचल आणि घर चल, हा भेद त्या काळच्या कारागिरांस स्पष्ट होता. तो आपल्यास राहिला नाही, कारण चल भाग जळून गेला व अचल भाग मागे राहिला.

या सर्वाचा आजच्या अभ्यासावर काय परिणाम झाला आहे, हे पाहिल्यावाचून ही छाननी अपुरी राहील. १९१९ मध्ये शनिवारवाडा संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झाला, व त्यानंतरच्या काळात आतील ढिगारे उपसून जोती, हौद व कारंजी मोकळी करण्यात आली. तेव्हापासून शतकभर आपण तटाचे व दरवाजांचे वर्णन करीत आलो आहोत. दिल्ली दरवाजाची उंची, त्यावरील अणकुचीदार खिळे, बुरुजांची संख्या ही सर्वांस मुखोद्गत. परंतु दरवाजावरील नगारखान्याचे जे लाकडी दालन अद्याप उभे आहे, त्याची दखल प्रवासी ‘वरून देखावा चांगला दिसतो’ एवढीच घेतात. माझ्या मते संपूर्ण परिसरात शनिवारवाड्याच्या घरपणाचे जर काही उरले असेल, तर ते या दालनातील खांबांत आणि महिरपींत आहे. आगीने जे नेले त्याचा नमुना येथे वाचला आहे. तट हा घराचा पहारेकरी. पहारेकऱ्याचे वर्णन करून घराचे वर्णन केल्याचे समाधान आपण मानून घेतले आहे.

दुसरा परिणाम अधिक गंभीर होय. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील असंख्य जुनी घरे कोसळली. जी वाचली त्यांतील पुष्कळशी पुढील दशकांत इमारतींच्या पुनर्बांधणीत गेली, अद्यापही जात आहेत. अशा वेळी जुन्या वाड्याचे मोल ठरविताना ‘यात जपण्यासारखे दगडी काम काही नाही, नुसते लाकूड आणि माती आहे’ असा शेरा ऐकू येतो. या शेऱ्याच्या मागे तीच आख्यायिका उभी आहे : दगड तो खरा, वीट आणि लाकूड ही तडजोड. म्हणून खांब, हस्त, तुळया, कोरीव पट्ट्या जुन्या बाजारात विकल्या जातात. त्या कोणत्या घराच्या, कोणत्या सोप्याच्या, किती खणांच्या, याची नोंद कोठेच होत नाही. जोत्याचे दगड नव्या इमारतीच्या पायात जातात. वाड्याच्या इतिहासाचे साधन अशा रीतीने नष्ट होत असता आपण शाहू महाराजांच्या आज्ञेची गोष्ट पुन्हा पुन्हा छापीत आहोत.

आख्यायिका टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. धनी आणि सेवक यांच्या संबंधांविषयी लोकांच्या मनात कोणते चित्र राहिले, याची ती साक्ष आहे, व त्या दृष्टीने तिचे संकलन करावे. बांधकामाची साक्ष म्हणून मात्र ती स्वीकारता येणार नाही. ती साक्ष शनिवारवाड्याच्या आत, गवताच्या हिरवळीमध्ये पसरलेल्या जोत्यांवर आहे. तेथे जागोजाग खांबांच्या बैठकी दिसतात. दोन बैठकींमधील अंतर मोजले म्हणजे खण मिळतो. खण मिळाला म्हणजे तुळईची लांबी. आणि कोठे खण एकाएकी बदलतो हे पाहिले, म्हणजे कोणता महाल कोणत्या महालास मागाहून जोडला, याचा अंदाज येतो. नाना वाडा व विश्रामबागवाडा यांचे खण मोजून ही मापे त्यांच्याशी ताडून पाहता येतील. फीत आणि वही घेऊन दोघांनी करण्याजोगे हे काम आहे. पावसाळ्यापूर्वी, गवत वाढण्याच्या आत, ते हाती घेतले तर अधिक सोयीचे पडेल.